महाडीबीटी शिष्यवृत्ती पोर्टल: फॉर्म चोख घेतं, पैसे अडले की गप्प बसतं

ॲडमिशनची धांदल ओसरली की कॉलेजच्या नोटीस बोर्डावर कागद लागतो, 'महाडीबीटीचे फॉर्म त्वरित भरावेत', आणि संध्याकाळपर्यंत कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे रांग लागते. तिथे घाईत भरलेले फॉर्म पुढे परत येतात, कारण भरणाऱ्याला तुमचा कोर्स अनुदानित की विनाअनुदानित हे ठाऊक नसतं आणि कधीकधी मोबाइल नंबरही त्याने स्वतःचाच टाकलेला असतो. कागद हाताशी असतील तर हा फॉर्म स्वतः भरायला तासभर पुरतो. खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते.

'आपले सरकार डीबीटी' हे या पोर्टलचं नाव; डीबीटी म्हणजे लाभाची रक्कम थेट खात्यात जमा करणं. २०१७-१८ पासून राज्यातल्या मॅट्रिकोत्तर, म्हणजे दहावीनंतरच्या, शिष्यवृत्त्या आणि फीमाफीच्या योजना इथे आल्या; त्याआधी महाईस्कॉल हे पोर्टल होतं. सामाजिक न्याय, आदिवासी विकास, इतर मागास बहुजन कल्याण, उच्च शिक्षण, तंत्रशिक्षण, वैद्यकीय शिक्षण, अल्पसंख्याक विकास असे कितीतरी विभाग आता एकाच लॉगिनमागे आहेत. पहिल्या वर्षीच्या गोंधळाची आठवण कॉलेजातले जुने क्लार्क अजून काढतात. आज पोर्टल त्या अवस्थेत नाही. पाचात तीन गुण द्यावेत. त्यातले अडीच फॉर्म भरून घेण्याला, आणि उरलेला अर्धा पैशांचं काय झालं ते सांगण्याला.

नोंदणी आधारच्या ओटीपीनेच करावी. आधारला जोडलेला नंबर बंद पडला असेल तर आधी आधार केंद्रात जाऊन तो बदलावा, मग पोर्टल उघडावं. आधारशिवाय नोंदणीचा पर्याय दिसला तरी त्या वाटेला जाऊ नये, कारण शेवटी पैसे आधारच्या जोरावरच खात्यात येतात. अकरावीत खातं काढलं असेल तर पदवीलाही तेच चालतं. दुसरं काढायला गेलं की हा आधार आधीच नोंदलेला आहे म्हणून पोर्टल अडवतं. युजरनेम आणि पासवर्ड वहीत लिहून ठेवा. तीन-चार वर्षं तोच लागणार आहे आणि ऐन शेवटच्या तारखेला साइट रडत असताना पासवर्ड बदलत बसणं म्हणजे दुष्काळात तेरावा महिना.

प्रोफाइलचे सहा भाग आहेत: वैयक्तिक माहिती, पत्ता, पालकांची इतर माहिती, चालू अभ्यासक्रम, मागचं शिक्षण, वसतिगृह. पोर्टलचं सर्वांत चांगलं काम पहिल्याच भागात दिसतं. जातीचा, उत्पन्नाचा, रहिवासाचा दाखला ऑनलाइन काढलेला असेल तर बारकोडखालचा लांबलचक आकडा टाकायचा. पोर्टल तो दाखला सरकारी नोंदीतून स्वतः ओढून घेतं. एक आकडा चुकला तर नाही म्हणतं, बरोबर असेल तर क्लार्कचं निम्मं काम तिथेच संपतं. तहसीलमधून हाती लिहून मिळालेले जुने दाखले मात्र स्कॅन करूनच जोडावे लागतात आणि त्यांची छाननी कडक होते. जातीचा जुना दाखला ऑनलाइन करून घेता आला तर घ्यावा.

उत्पन्नाच्या दाखल्याचं एक गणित अनेकांना उशिरा कळतं. एका वर्षाच्या दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते. सीईटीसाठी लागेल म्हणून फेब्रुवारीत सेतूवर पळापळ करून काढलेला दाखला शिष्यवृत्तीचे फॉर्म सुरू होईपर्यंत मेलेला असतो. एप्रिल उजाडल्यावर नवा काढायचा. त्यावरचा आकडा आणि फॉर्ममधला आकडा रुपयाला रुपया जुळला पाहिजे, कारण तुम्हाला कुठल्या योजना दिसणार हे त्यावरून ठरतं. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत लागतं. त्यावर गेलं तर निर्वाह भत्ता जातो, पण शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची योजना उरते. खुल्या गटासाठीची राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती ८ लाखांपर्यंत आहे. अडीच लाखांच्या जागी एक शून्य जास्त पडलं की यादीतून योजनाच गायब होते, आणि विद्यार्थी समजतो पोर्टल बंद पडलंय.

फॉर्म खरा घसरतो तो 'चालू अभ्यासक्रम' या भागात. आधी जिल्हा, मग तालुका, मग कॉलेज निवडायचं असतं. शहराच्या हद्दीवरच्या कॉलेजचा तालुका लोक हमखास चुकवतात. एकाच संस्थेची सीनियर, ज्युनियर, पॉलिटेक्निक अशी तीन-चार नावं यादीत असतात. कोर्सचं नाव तर त्याहून फसवं: अनुदानित तुकडीचं बीएस्सी आणि विनाअनुदानित बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स या दोन वेगळ्या नोंदी, दोघांची फी वेगळी. कॉलेजच्या शिष्यवृत्ती खिडकीवर कोर्सचं पोर्टलवरचं नेमकं नाव लिहून लावलेलं असेल तर त्याचा फोटो काढून घ्यावा. नसेल तर विचारावं, अंदाज करू नये. प्रवेश सीईटी सेलच्या, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षा कक्षाच्या, केंद्रीय फेरीतून झाला की संस्थास्तरावर, हे एक उत्तर पुढचं सगळं फिरवतं. व्यावसायिक कोर्सला शाहू महाराज योजनेसाठी केंद्रीय फेरीतला प्रवेश लागतो, व्यवस्थापन कोट्यातला चालत नाही. अलॉटमेंट लेटर जोडलं नाही तर फॉर्म हमखास परत.

दुसऱ्या वर्षापासून इथेच आणखी एक खड्डा आहे. विद्यार्थ्याला वाटतं, गेल्या वर्षी भरलंय तर आता फक्त नूतनीकरणाचं बटण दाबायचं. तसं नाही. गेल्या वर्षाची ओळ उघडून ती 'पूर्ण' करायची, निकाल आणि टक्के भरायचे, गुणपत्रिका जोडायची आणि मग चालू वर्षाची नवी ओळ टाकायची. जुनी ओळ 'सुरू आहे' अशीच राहिली तर प्रोफाइलप्रमाणे विद्यार्थी अजून पहिल्या वर्षातच. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्यांनी पहिल्या वर्षाची ओळ टाकूच नये. डिप्लोमा मागच्या शिक्षणात जातो. आणि शिक्षणात खंड पडला असेल तर तो लपवायचा नाही. बारावीचं वर्ष आणि प्रवेशाचं वर्ष शेजारी ठेवलं की क्लार्कला तो दिसतोच. हमीपत्र जोडून मोकळं व्हावं. शाहू महाराज योजनेत दोन वर्षांचा किंवा त्याहून मोठा खंड चालत नाही, एका कुटुंबातल्या दोनच अपत्यांना लाभ मिळतो आणि त्यासाठी रेशन कार्ड पाहिलं जातं, मागच्या सत्राची हजेरी किमान ५० टक्के लागते.

कागद चढवताना प्रत्येक फाइल १५ ते २५६ केबीच्या दरम्यान लागते. मोबाइलच्या स्कॅनर ॲपमधून निघालेलं एक रंगीत पान सहज दोन-तीन एमबी भरतं. मग कुठल्या तरी वेबसाइटवर ते इतकं पिळलं जातं की शिक्का म्हणजे निळा डाग आणि तहसीलदाराची सही म्हणजे केसाची रेघ. तो फॉर्म परत येणारच. उपाय साधा आहे: पान काळ्या-पांढऱ्यात, दीडशे डीपीआयला स्कॅन करा, कडा कापा आणि पीडीएफ करा. एका पानाचा दाखला त्यात बसतो आणि वाचताही येतो. चढवल्यावर फाइल पुन्हा उघडून पाहा. उत्पन्नाच्या जागी भावाची गुणपत्रिका चढल्याची उदाहरणं कुठल्याही शिष्यवृत्ती खिडकीवर ऐकायला मिळतील.

पोर्टलवर 'राइट टु गिव्ह अप' असंही एक बटण आहे. नावावरून नवख्याला काही बोध होत नाही, पण ते दाबलं म्हणजे तुम्ही शिष्यवृत्तीचा हक्क सोडून दिला. चुकून दाबणारे निघतात, आणि मग ते परत फिरवायला कॉलेज आणि विभाग यांचे उंबरे झिजवावे लागतात. इतकं घातक बटण विद्यार्थ्याच्या हाताशी का ठेवावं, याचं उत्तर पोर्टल बनवणाऱ्यांनाच माहीत.

अर्ज दाखल झाला की तो कॉलेजच्या क्लार्कच्या लॉगिनमध्ये पडतो, तिथून प्राचार्यांच्या, आणि मग संबंधित विभागाच्या जिल्हा किंवा विभागीय कार्यालयात. इथे विद्यार्थ्यांना न दिसणारी एक पायरी आहे. कॉलेजला प्रत्येक कोर्सची, प्रत्येक वर्षाची, प्रत्येक प्रवर्गाची फी पोर्टलवर आधी नोंदवून विभागाकडून मंजूर करून घ्यावी लागते. व्यावसायिक कोर्सची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं, बाकीची विद्यापीठाच्या दराने. प्राधिकरणाचा आदेश उशिरा आला किंवा कॉलेजने नवी तुकडी नोंदवायचीच विसरली, तर यादीत तुमचा कोर्सच दिसत नाही किंवा देय रक्कम शून्य दिसते. मुलं पोर्टलला शिव्या घालतात, पण तेव्हा दार कॉलेजचंच ठोठवायचं. प्रश्नही नेमका विचारायचा: 'आमच्या कोर्सची या वर्षाची फी मंजूर झाली का?' नुसतं 'फॉर्म का दिसत नाही' विचारलं तर 'सर्व्हर डाउन आहे' हे उत्तर ठरलेलं.

क्लार्कच्या बाजूनेही हिशोब करून पाहावा. समजा कॉलेजात हजार अर्ज आहेत. एकेक उघडून, सहा-सात कागद डोळ्यांखालून घालून, पावती आणि फी जुळवून पुढे पाठवायला आठ मिनिटं धरली तरी आठ हजार मिनिटं होतात, म्हणजे आठ तासांचे जवळजवळ सतरा दिवस. हेच माणूस परीक्षेचे फॉर्म, बोनाफाईड आणि टीसीही बघतं. मदतीला म्हणून नोडल अधिकारी नेमतात तो बहुधा एखादा सहायक प्राध्यापक, क्वचित तासिका तत्त्वावरचा, ज्याला या कामाचे पैसे मिळत नाहीत आणि तासही कमी होत नाहीत. त्यात अंतिम तारीख वाढते हा सर्वांचाच अनुभव असल्यामुळे निम्मे अर्ज शेवटच्या आठवड्यात कोसळतात. तारीख वाढेल म्हणून थांबणाऱ्याचं नुकसान एवढंच की त्याचा अर्ज गठ्ठ्याच्या तळाला जातो.

अर्ज 'सेंड बॅक' झाला तर मेसेज नोंदवलेल्या मोबाइलवर येतो. तो नंबर झेरॉक्सवाल्याचा असेल, किंवा सिम बदललं असेल, तर अर्ज महिनोन्महिने विद्यार्थ्याच्याच लॉगिनमध्ये पडून राहतो आणि विद्यार्थी मात्र समाजकल्याणकडून पैसे यायची वाट बघतो. दर पंधरा दिवसांनी लॉगिन करून पाहणं हा एकच उपाय. शेरा एका ओळीचा असतो, कधी नुसतं 'कागदपत्रे अपूर्ण'. कुठलं अपूर्ण ते पोर्टल सांगत नाही. क्लार्ककडून तोंडी विचारून घ्या. आणि दुरुस्त केलेला अर्ज पुन्हा दाखल करायला विसरू नका. नुसता सेव्ह केलेला अर्ज कुणालाच दिसत नाही.

आता पैशांकडे. मंजुरी मिळूनही पैसे न येण्याचं नेहमीचं कारण कॉलेज नाही, विभागही नाही. ते बँकेत असतं. खात्याला आधार 'लिंक' असणं वेगळं आणि थेट लाभासाठी आधार 'सीड' असणं वेगळं. पहिलं म्हणजे बँकेने ओळखीसाठी तुमचा आधार घेतला. दुसरं म्हणजे एनपीसीआयच्या (बँकांमधले ऑनलाइन व्यवहार जोडणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या) नोंदवहीत तुमच्या आधारसमोर एका बँकेचं नाव लिहिलं गेलं. ही नोंद एकच असते आणि शेवटची असते. म्हणजे असं: राष्ट्रीयीकृत बँकेत खातं आहे, आधार सीड आहे, सगळं ठीक. मग विद्यार्थी मोबाइल दुकानात नवं सिम घेतो, दुकानदार दोन मिनिटांत पेमेंट बँकेचं खातं काढून देतो, संमतीच्या चौकटीत टिक पडते आणि नोंद त्या खात्याकडे सरकते. शिष्यवृत्ती आता तिथे जाणार, ज्या खात्याचा पिनही आठवत नाही. पैसे बुडत नाहीत, पण शोधताना दिवस जातात. माय-आधार संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' पाहिलं की कुठली बँक लागलीय ते दिसतं. फॉर्म भरण्याआधी एकदा आणि मंजुरीनंतर एकदा, असं दोनदा पाहावं. बदलायचं असेल तर हव्या त्या बँकेत जाऊन सीडिंगचा फॉर्म द्यायचा, 'केवायसी अपडेट' एवढंच म्हणायचं नाही. तेवढं म्हटलं तर काउंटरवरचा माणूस फक्त लिंक करून देतो. शाळेत असताना काढलेलं अज्ञान खातं अठरा पूर्ण झाल्यावर नियमित करून घ्यावं, नाहीतर रक्कम येऊन परत फिरते.

अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत याला आणखी एक पदर आहे. केंद्र ६० टक्के आणि राज्य ४० टक्के अशी वाटणी झाल्यापासून केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात पडतो, आणि त्यात निर्वाह भत्त्याबरोबर कॉलेजच्या फीचाही भाग असतो. फीचा भाग सात दिवसांत कॉलेजला भरायचा असा नियम आहे. पासबुकातल्या नोंदीवरून मात्र त्यातले किती रुपये भत्त्याचे आणि किती फीचे हे कळत नाही. भत्त्याचे दर केंद्राच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत ठरलेले आहेत: पहिल्या गटात, म्हणजे पदवी आणि पदव्युत्तर व्यावसायिक कोर्सना, वसतिगृहात राहणाऱ्याला वर्षाला १३,५०० आणि घरून येणाऱ्याला ७,०००; चौथ्या गटात, म्हणजे अकरावी-बारावीसारख्या वर्गांना, ४,००० आणि २,५००. अर्जाच्या तपशिलात दिसणारी फीची रक्कम आणि भत्ता वेगवेगळे लिहून ठेवा आणि आलेली रक्कम त्यांच्याशी ताडून पाहा. घरात मोटरचं बिल थकलेलं असताना खात्यात पन्नास हजार दिसले की ते सगळे आपलेच वाटतात, हा कुणाच्या नीतीचा प्रश्न नाही. पोर्टलने दोन ओळींत फोड करून पाठवली असती तर अर्ध्या तक्रारी मिटल्या असत्या. फी भरताना खात्यातूनच वर्ग करा आणि पावती घ्या; टीसीच्या वेळी तीच कामाला येते. फी थकली म्हणून मूळ कागद अडवून ठेवता येत नाहीत, यूजीसीने २०१८ मध्येच ते बजावलं आहे.

मुलींच्या फीमाफीबद्दल गैरसमज बरेच आहेत. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत केंद्रीय फेरीतून आलेल्या, ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि इतर मागास प्रवर्गांतल्या मुलींना शिक्षण आणि परीक्षा शुल्कात आधीच्या पन्नासऐवजी शंभर टक्के सवलत मिळते. पण 'शंभर टक्के' या शब्दात विकास निधी, डिपॉझिट, बस, मेस हे काही येत नाही. कॉलेजने विकास शुल्क मागितलं म्हणजे लूट झाली असं लगेच म्हणू नका; प्राधिकरणाच्या आदेशात शिक्षण शुल्क आणि विकास शुल्क वेगळं दिलेलं असतं, ते मागून बघा. शिक्षण शुल्काचाच आकडा आगाऊ मागत असतील तर मात्र लेखी मागा आणि शासन निर्णय दाखवा. फॉर्म मुलींनीही भरायचाच असतो. सवलत आपोआप लागत नाही, आणि दरवर्षी ऐन मुदतीनंतर हे कळणाऱ्या मुली निघतातच.

विनाअनुदानित कॉलेजांसाठी हे पोर्टल म्हणजे पगाराची तारीख. इंजिनिअरिंग, फार्मसीच्या अनेक कॉलेजांत विद्यार्थ्यांचा मोठा भाग फीमाफीतला असतो; ती रक्कम सरकारकडून हप्त्याने आणि उशिरा येते, आणि तोवर प्राध्यापकांचे पगार लांबतात. त्यामुळे सेमिस्टरच्या मध्यावर मास्तर नोकरी सोडून गेला तर त्याचा धागा या पोर्टलच्या 'फंड डिस्बर्समेंट'च्या, म्हणजे निधी वाटपाच्या, रकान्यापर्यंत पोचू शकतो. संस्था याचं निमित्तही करतात, हेही खरं. फी आली तरी पगार न देणारे आहेतच. पण कुठल्या कॉलेजचे किती कोटी कुठल्या वर्षाचे थकलेत हे पोर्टलवर सर्वांना दिसलं असतं तर निमित्त कुठलं आणि अडचण कुठली, ते प्राध्यापकांना लगेच कळलं असतं.

इथेच उरलेले दोन गुण जातात. अर्जाची स्थिती 'अंडर स्क्रुटिनी', म्हणजे छाननीत, अशी दिसते, पण ती कुणाच्या लॉगिनमध्ये, किती दिवसांपासून, हे ठळकपणे दिसत नाही. निधी विभागाकडे आला नाही, की बिल कोषागारात आहे, की बँकेने परत पाठवलं, या तिन्हींचा उपाय वेगळा असूनही विद्यार्थ्याला तिन्हींत एकच 'थांबा' ऐकायला मिळतं. कुरिअरचं पाकीट कुठल्या गावात पोचलं ते मोबाइलवर दिसतं, फीचे लाखभर रुपये कुठे आहेत ते दिसत नाही.

अर्ज दाखल झाल्यावर त्याची पीडीएफ प्रत अर्ज क्रमांकासह स्वतःला मेल करून ठेवा. रक्कम साधारण दोन हप्त्यांत येते. पहिला आला म्हणून लॉगिन विसरू नका. दुसरा बहुधा पुढचं वर्ष सुरू झाल्यावर येतो, आणि शेवटच्या वर्षाची मुलं तोवर कॉलेज, गाव आणि सिम तिन्ही बदलून बसलेली असतात. टीसी घेण्याआधी शिष्यवृत्ती खिडकीवर जाऊन एकदा विचारा, 'आमचा दुसरा हप्ता आला का, आणि खातं कुठलं लागलंय?'